आडात किती, पोहऱ्यात किती?

गेल्या महिन्यात भाच्याच्या मोटारीतून आम्ही इंदूरहून देवासला निघालो होतो. मोटारीतले मूळचे स्पीकर काढून त्याने नवे, चांगल्या किमतीचे बसविले होते आणि त्यांची परीक्षा आमच्या कानांनी व्हावी अशी त्याची इच्छा होती. देवास हे कुमार गंधर्वांचे गाव. १९४८ पासून १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत ते तेथेच राहिले. त्या वाटेवर त्यांचेच निर्गुणी भजन लागावे यात नवल नाही. परंतु रस्त्याच्या गोंगाटामुळे आवाज वाढवावा लागला आणि लगेच वरचे स्वर चरचरू लागले. तंबोरा तर नाहीसाच झाला. मागे बसलेल्या ताई म्हणाल्या, "अरे, जरा कमी कर." भाचा हिरमुसला. "मामा, एवढे पैसे घातले, त्यापेक्षा जुनेच बरे होते की काय?"

वाचकहो, दोष स्पीकरांचा नव्हता. त्यांना चालविणारी शक्तीच तोकडी पडत होती. मोटारीतील मूळ संचावर 'प्रत्येकी ५० वॅट' असे छापलेले होते. आता थोडे गणित करू. इंजिन चालू असता मोटारीतून फार तर १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम असतो. १४.४ चा वर्ग सुमारे २०७. शुद्ध स्वरासाठी त्याला ८ ने भागावे लागते. उत्तर येते २६ वॅट, आणि प्रत्यक्षात हाती पडतात १८ ते २०. तोच वर्ग ४ ने भागला तर ५२ येतात खरे, परंतु ती शक्ती ध्वनिलहरींचे माथे पार छाटले गेल्यावरची! म्हणजे ५० हा आकडा सुरांचा नव्हे, चरचरीचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दुकानी गेलो. दुकानदाराने '१२०० वॅट' असे ठळक छापलेला अ‍ॅम्प्लिफायर पुढे केला. आम्ही त्याचा फ्यूज पाहिला, तो ३० अँपिअरचा. १४.४ गुणिले ३० म्हणजे ४३२. आत सतत ४३२ वॅटच येऊ शकत असतील तर बाहेर १२०० कोठून पडणार? आडातच नाही ते पोहऱ्यात कसे यावे?

तेव्हा खोक्यावरील मोठा आकडा सोडून द्यावा आणि 'आर.एम.एस.' हा आकडा विचारावा. तोही ४ ओहमला, १४.४ व्होल्टवर, १ टक्क्याहून अधिक विकृती नसतानाचा. आमचे स्पीकर ६० वॅट आर.एम.एस.चे होते, म्हणून चारही स्पीकरांना प्रत्येकी तेवढीच शक्ती देणारा अ‍ॅम्प्लिफायर आम्ही निवडला. तो आतल्या आत व्होल्टता वाढवून घेतो, म्हणूनच मूळ संचाला न जमणारे काम त्याला जमते. ६० ऐवजी ७५ मिळावेत म्हणून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच चढतो.

"एवढ्या शक्तीने स्पीकर जळणार नाहीत ना?" ही ताईंची शंका. वस्तुतः लहान अ‍ॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की त्या छाटलेल्या लहरीच नाजूक ट्विटर जाळतात. पुरेशी शक्ती संयमाने वापरली तर धोका कमी.

बसविताना तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाहाव्यात. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर बॅटरीपासून वीतभर-दोन वितींच्या आतच फ्यूज असावा. नाही तर तार कोठे घासली गेल्यास आग लागण्याचे भय असते. तार शुद्ध तांब्याची आणि पुरेशी जाड घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचे 'गेन'चे बटण आवाज वाढविण्यासाठी नसून मूळ संचाशी मेळ बसविण्यासाठी असते; ते शेवटपर्यंत फिरवू नये.

असो. परवा पुन्हा देवासच्या वाटेला लागलो. भजन तेच, रस्ता तोच. या वेळी तंबोरा स्वच्छ ऐकू येत होता आणि ताईंनी 'कमी कर' असे एकदाही म्हटले नाही. परतताना भाच्याने आवाज आपण होऊनच थोडा उतरविला. अंगी बळ असले म्हणजे ओरडावे लागत नाही, हे यंत्रालाही लागू आहे तर!