केरो ओस पडले की पाडले?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथे, केरो नावाचे गाव आहे. १९२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १५,२०३ होती. २०२० मध्ये ती १,७३३ भरली. शंभर वर्षांत दर नऊ माणसांमागे जवळपास आठ माणसे कमी झाली. केरो ज्या अलेक्झांडर काउंटीत येते, तिने २०१० ते २०२० या दहा वर्षांत ३६ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या गमावली. साऱ्या अमेरिकेत एवढी घट दुसऱ्या कोणत्याही काउंटीत झाली नाही.

याचे ठरलेले उत्तर असे सांगितले जाते की, १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला आणि नावांचा धंदा बुडाला. १९७८ मध्ये महामार्गाचा पूल झाला आणि वाहने गावाबाहेरून जाऊ लागली. आम्ही वकील, म्हणून तारखा आधी तपासतो. पहिल्या पुलानंतर तीस वर्षांनी गाव सर्वांत मोठे होते. १९५० ला १२,१२३ असलेली लोकसंख्या १९७० ला ६,२७७ वर आली, म्हणजे दुसरा पूल होण्याआधीच गाव अर्धे झाले होते. मग या वीस वर्षांत तिथे काय घडले?

१९६२ मध्ये गावातील पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून तरुणांनी सत्याग्रह केला. तलाव 'सभासदांसाठी' होता आणि सभासद फक्त गोरे. पुढच्याच वर्षी तो बंद झाला आणि पुढे सिमेंट ओतून बुजवण्यात आला. महाडला चवदार तळ्याचे शुद्धीकरण करणारे निदान पाणी तरी ठेवून गेले होते! १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत फासावर लटकलेला आढळला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. लोकांचा विश्वास बसला नाही, दंगल पेटली आणि गोऱ्यांनी सशस्त्र टोळी उभारली. १९६९ पासून 'युनायटेड फ्रंट'ने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला. मागणी साधी होती : ज्यांच्या पैशावर दुकान चालते, त्यांच्या मुलांना त्या दुकानात नोकरी द्या. कित्येक दुकानदारांनी नोकरी देण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावणे पसंत केले. भांडवल गेले, रोजगार गेला, आणि त्यामागे माणसे गेली, गोरी आणि काळीही.

दाद मागायला लोक न्यायालयात गेले. १७ कृष्णवर्णीय व दोन गोऱ्या वादींनी तक्रार केली की, स्थानिक न्यायदंडाधिकारी व न्यायाधीश जामीन आणि शिक्षा देताना वर्णभेद करतात. १९७४ मध्ये ओ'शे विरुद्ध लिटलटन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वादींपैकी अमुक एकाला प्रत्यक्ष कोणती इजा झाली किंवा होणार आहे हे अर्जात दिसत नाही. सबब वादच उद्भवत नाही. हे वाक्य वाचताना आम्हाला आमच्याकडील कितीतरी निकालपत्रे आठवली.

ज्यांना जाता येत होते ते गेले. मागे उरले ते गरीब. १९७० च्या सुमारास कृष्णवर्णीय तिथे अल्पसंख्य होते, २०१० मध्ये दहात सात. २००० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील कुटुंबाचे मध्यम उत्पन्न वर्षाला सुमारे ४२ हजार डॉलर होते. केरोत ते २२ हजारांच्या आत, म्हणजे निम्मी कुटुंबे त्याहूनही कमी पैशात जगत होती. तीन माणसांत एक दारिद्र्यरेषेखाली. इस्पितळ १९८६ मध्येच बंद पडले होते. २०१५ मध्ये किराणा मालाचे दुकानही गेले, आणि पुन्हा एक, सहकारी तत्त्वावरचे, उघडायला २०२३ उजाडले.

आणि शेवटचा घाव तर सरकारनेच घातला. एल्मवुड आणि मॅकब्राइड या सरकारी वसाहती वर्षानुवर्षे दुरुस्तीविना सडल्या. स्थानिक गृहनिर्माण मंडळाचा कारभार इतका बिघडला की २०१६ मध्ये केंद्राच्या खात्याने तो ताब्यात घेतला. आता दुरुस्ती होईल, असे रहिवाशांना वाटले. २०१७ मध्ये सांगण्यात आले की वसाहती पाडायच्या आहेत. सुमारे ४०० माणसे, त्यांतली जवळपास निम्मी मुले. हातात भाड्याची कुपने दिली, पण ती चालतील अशी घरे केरोत होती कुठे? बहुतेकांना गाव सोडावे लागले. २०२० ची शिरगणती झाली तेव्हा तिथे मोकळी जमीन होती. १,७३३ हा आकडा त्यानंतरचा आहे.