कालवा आला, चारी कोणीं काढावी ? – घरोघरच्या इंटरनेटचा प्रश्न

धरण बांधून झालें, कालवा खणून झाला, उद्घाटनाचा नारळ फुटला, आणि इतकें होऊनहि शेवटच्या शेतकऱ्याचें शेत कोरडेंच राहिलें, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. कालव्याचे मैल मोजणारा अहवाल खोटा नसतो. परंतु पिकापर्यंत पाणी नेणारी चारी काढल्यावांचून त्या मैलांचा उपयोग काय? खेड्यापाड्यांतील घरांत ब्रॉडबँड इंटरनेट नेण्याच्या कार्याची आज नेमकी हीच स्थिति झाली आहे. तार पुष्कळ गांवांच्या वेशींत आली. घरांत आली नाहीं. ही शेवटची चारी एखादी कंपनी येऊन काढील म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षां ती गांवानें आपल्या सहकारी संस्थेमार्फत काढावी, आणि सरकारनें त्या कामीं संस्थेस हक्क व आधार द्यावा, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें पुढें देत आहों.

आपल्या देशांत सामान्य लोकांस इंटरनेट प्रथम खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेंहि कांहीं मोठ्या शहरांपुरतेंच. सन २००४ मध्यें केंद्र सरकारनें ब्रॉडबँडविषयींचें धोरण जाहीर केलें. सेकंदास २५६ किलोबिट एवढ्या वेगास त्यांत ब्रॉडबँड हें नांव दिलें होतें, आणि २०१० सालापर्यंत दोन कोटि ग्राहक व्हावे असें उद्दिष्ट ठेविलें होतें. मुदत संपली तेव्हां ग्राहक भरले ते सुमारें एक कोटि दहा लाख. वेगाची ही किमान मर्यादा पुढें ५१२ किलोबिट व २०२३ सालीं २ मेगाबिट अशी वाढविण्यांत आली. दरम्यान २०१६ पासून मोबाईलवरील इंटरनेट फार स्वस्त झालें, आणि ज्यांच्या घरीं कधींच तार आली नव्हती असे कोट्यवधि लोक तें वापरूं लागले. मार्च २०२४ च्या सुमारास बिनतारी मार्गानें इंटरनेट घेणारांची संख्या नव्वद कोटींहून अधिक होती. तारेनें घेणारे मात्र अवघे चार कोटींच्या घरांत होते, आणि तेहि बहुतांशीं शहरवासी.

मोबाईल प्रत्येकाच्या खिशांत असतां तारेची उठाठेव कशाला, असें पुष्कळांस वाटेल. त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, घागरीनें तहान भागते, बागाइत होत नाहीं. मोबाईलच्या मनोऱ्यावर साऱ्या पंचक्रोशीचा भार असतो, आणि सायंकाळीं सगळे घरीं परतले म्हणजे त्याचा वेग मंदावतो. दिवसाचा कोटा संपला कीं काम अडतें. शिवाय घरांत चांगला फोन एकच असला तर तो घरच्या कर्त्या पुरुषाबरोबर शेतावर किंवा बाजारास जातो; मागें राहिलेल्या बायकांस व मुलांस त्याचा उपयोग नाहीं. सन २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद पडल्या, तेव्हां एका फोनवर दोनतीन भावंडांनीं पाळीपाळीनें शिकावें आणि त्यांत मुलीची पाळी शेवटीं यावी, हें अनेक घरांतून दिसून आलें. याच्या उलट फायबरची गोष्ट. केंसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंतून उजेडाच्या रूपानें हा संदेश वाहतो. एका मुख्य तंतूस फांटे फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरें जोडतां येतात, आणि सुमारें वीस किलोमीटरपर्यंत तो पोंचतो. एकदां तो घरांत आला म्हणजे त्यावर घरांतील सर्वांचा सारखा अधिकार होतो.

हें सुख चैनीचें आहे असेंहि कोणी समजूं नये. सरकारनें आपली कचेरीच आतां तारेवर नेली आहे. सातबाराचा उतारा, फेरफाराची नोंद, अनुदानाचा अर्ज, पीकविमा, किसान सन्मान निधीसाठीं ओळख पटविणें, हीं सर्व कामें इंटरनेटवर आलीं. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत पीकपाहणीची नोंदहि शेतकऱ्यानें स्वतः मोबाईलवर करावी असा क्रम सुरू झाला. बाजारसमित्या जोडणारी ई-नाम ही व्यवस्था एप्रिल २०१६ मध्यें सुरू झाली. ज्या घरांत इंटरनेट धड नाहीं, त्या घरच्या माणसानें एका अर्जासाठीं दिवसाची मजुरी बुडवावी, गाडीभाडें भरावें, सेवाकेंद्रापुढें रांग धरावी, आणि 'आज सर्व्हर बंद आहे' हें ऐकून परत यावें. दरवाजा हलविणारानें तेथपर्यंत रस्ता करून देणें हें त्याचें कर्तव्यच होय. तो उपकार नव्हे.

हें कर्तव्य सरकारनें मुळींच ओळखलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनें जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढें २०१५ पासून भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. तिचा पैसा ज्या निधींतून आला, त्यांत टेलिफोन कंपन्यांनीं आपल्या उत्पन्नाचे शेंकडा पांच भरावयाचे असतात. म्हणजे अखेरीस तो तुमच्या आमच्या रिचार्जमधूनच गोळा झालेला आहे. सन २०१७ च्या अखेरीस पहिल्या टप्प्यांतील एक लाखाहून अधिक ग्रामपंचायतींपर्यंत तार गेली. परंतु काम 'पूर्ण' झाल्याची खूण ठरली ती पंचायतींतील पेटी. ती पेटी पुढें चालू आहे काय, तिच्यापासून किती घरांस तार गेली, हें त्या खुणेंत बसत नव्हतें. तार बहुशः एका सरळ रांगेंत टाकलेली. एका ठिकाणीं जेसीबीच्या दांत्याखालीं ती सांपडली कीं पुढचीं सारीं गांवें अंधारांत. टेलच्या शेतकऱ्यास हें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

या चुका ओळखूनच ऑगस्ट २०२३ मध्यें मंत्रिमंडळानें सुधारलेली योजना मंजूर केली. तिच्यासाठीं १,३९,५७९ कोटि रुपये ठरविले आहेत. सरळ रांगेऐवजीं तारेचें कडें करावें, म्हणजे एका बाजूनें तुटलें तरी दुसऱ्या बाजूनें चालेल. दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद असावी. आणि गांवांतील उद्योजकांस भागीदार करून पांच वर्षांत दीड कोटि ग्रामीण घरांस जोडणी द्यावी, अशीं तिचीं मुख्य कलमें आहेत. दिशा योग्य आहे. पण २०११ च्या शिरगणतींत ग्रामीण कुटुंबें सुमारें पावणेसतरा कोटि होतीं. त्यांपैकीं दीड कोटि म्हणजे दहांत एक घरहि नव्हे. हें एक घर कोणाचें असेल ? उद्योजक नफा पाहणार. तेव्हां तें बाजारपेठेच्या गांवांतलें, हमरस्त्यालगतचें, वेळेवर पैसे देऊं शकणाऱ्याचें असेल. मळ्यांतील वस्ती, डोंगरावरची वाडी व भूमिहीनांची आळी यांची पाळी शेवटीं येईल, किंवा येणारहि नाहीं.

अशा वेळीं शेतकऱ्यांनीं स्वतः काय केलें, याचें एक उदाहरण इंग्लंडांतील आहे, तें मुद्दाम सांगण्याजोगें आहे. लँकशायर परगण्यांतील ल्यून नदीच्या खोऱ्यांत वस्ती विरळ. तेथें तार टाकणें मोठ्या कंपन्यांस परवडेना. सन २०११ मध्यें तेथील लोकांनीं 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ' या नांवाची लोकहितार्थ सहकारी संस्था काढली. लँकेस्टर विद्यापीठांत संगणकजाळ्याचें काम केलेले बॅरी फोर्ड यांनीं आंखणी केली, आणि क्रिस काँडर नांवाच्या शेतकरी बाईंनीं लोकांस उभें केलें. भाग विकून भांडवल जमविलें. ज्याचे भाग कितीहि असोत, मत एकच. शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांतून तार नेण्यास मोबदला न घेतां वाट दिली, आणि पुष्कळ ठिकाणीं चर स्वतःच खणले. या कामांतील मोठा खर्च तारेचा नसतो, खोदाईचा असतो. रस्ता फोडून पुन्हां बांधण्यापेक्षां शेतांतून नांगरानें चर काढणें किती तरी स्वस्त ! आरंभीं दरमहा ३० पौंडांत या संस्थेनें सेकंदास एक गिगाबिट वेगाची जोडणी दिली, आणि आज तिच्या तारेवर दहा हजारांहून अधिक घरें आहेत.

तेथील शेतकरी आणि येथील शेतकरी यांच्या मिळकतींत महदंतर आहे, हें आम्ही जाणतों. तेथील भागाची किंमत व मासिक वर्गणी येथें चालणार नाहीं. परंतु वाट, श्रम आणि एकी या तीन गोष्टी पैशानें येत नाहींत, आणि त्या आपल्याकडे अगदींच अपरिचित नाहींत. धुळें व नाशिक या जिल्ह्यांत पांजरा, मोसम इत्यादि नद्यांवर शतकानुशतकें चालत आलेली फड पद्धति आठवावी. बंधाऱ्याची दुरुस्ती व पाट साफ करणें हें सर्वांनीं मिळून करावयाचें, पाण्याची पाळी पाटकऱ्यानें ठरल्याप्रमाणें द्यावयाची, आणि त्याचें वेतन लाभधारकांनीं भागवावयाचें, हा तिचा नियम. फायबरची आळी चालवावयास याहून निराळें शहाणपण लागत नाहीं. पाटकऱ्याच्या जागीं तार जोडण्याचें शिकलेला गांवचाच एक तरुण असला म्हणजे झालें.

आणि संस्था नवी काढावयास नको. विविध कार्यकारी सोसायटी गांवोगांव आहे. तिला इमारत आहे, सचिव आहे, सभासदांचें रजिस्टर आहे. सन २०२२ मध्यें केंद्र सरकारनें अशा ६३,००० प्राथमिक संस्थांत संगणक बसविण्याची योजना मंजूर केली. भारतनेटच्या योजनेंत गांवच्या उद्योजकास जी भागीदारी देऊं केली आहे, ती जागा सोसायटीनें घ्यावी. तारेची वाट बांधाच्या कडेनें नेल्यास नांगरटीचा धोका टळतो. उंसाच्या फडावरून तार लोंबत नेऊं नये. पाचट पेटविलें कीं ती जळते. वीज गेली तरी यंत्र चालावें म्हणून पंचायतींतील पेटीस बॅटरी, आणि जमल्यास सौर पॅनेल असावें. फार दूरच्या एकट्या वस्तीस तार परवडत नसेल तेथें सोसायटीच्या मनोऱ्यावरून बिनतारी जोडणी द्यावी. मात्र त्या मनोऱ्यापर्यंत फायबर पाहिजेच.

सहकाराच्या नांवाखालीं सर्व कांहीं आपोआप सुरळीत चालतें, असा भ्रम मात्र कोणी बाळगूं नये. अहमदनगर – आतांचा अहिल्यानगर – जिल्ह्यांत मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनें अनेक वर्षें वीज वांटली. परंतु थकबाकीचा डोंगर वाढत गेला, आणि २०११ सालीं परवान्याची मुदत संपल्यावर तें काम राज्याच्या वीज कंपनीकडे गेलें. त्यावरून एवढा बोध घ्यावा कीं, वर्गणी लहान असावी पण दरमहा वसूल व्हावी. थकली तर तार तोडतांना सरपंचाचें घर व शेतमजुराचें घर यांत भेद नसावा. आणि जमाखर्च सोसायटीच्या फळ्यावर महिन्याचे महिन्यास लागावा. गटबाजीनें जी संस्था पोखरली आहे, तिनें या कामास हात न घालणें बरें.

सरकारकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, यश मोजतांना तारेचे किलोमीटर किंवा जोडलेल्या पंचायती न मोजतां, महिनाभर चालू राहिलेलीं घरें मोजावीं, आणि तो आंकडा ग्रामसभेपुढें ठेवावा. दुसरी, गांवांतील भागीदार निवडतांना सोसायटी तयार असल्यास तिला प्रथम विचारावें, व प्रारंभीच्या साहित्यासाठीं अल्प व्याजानें कर्ज द्यावें. तिसरी, मुख्य तार बंद पडली तर तितक्या दिवसांचा आकार गांवाकडून घेऊं नये. पाणी सुटलें नाहीं त्या पाळीची पट्टी कोणी आनंदानें भरीत नाहीं.

इंटरनेट घरांत आलें म्हणजे पोरें बिघडतील, वेळ वायां जाईल, अशी भीति कित्येक वडील मंडळी बोलून दाखवितात. भीति निराधार नाहीं. परंतु पोर पडेल म्हणून कोणी विहीर खणण्याचें टाळीत नाहीं. तिला कठडा बांधतो. शिवाय सवंग करमणूक मोबाईलवरून आधींच घरांत शिरली आहे. अडून राहिला आहे तो अभ्यास, घरबसल्या करावयाचा उद्योग, बचतगटाचा माल दूरच्या गिऱ्हाइकास दाखविण्याची सोय, आणि शिकलेल्या मुलास किंवा सुनेस गांवीं राहून शहरचें काम करण्याची संधि.

तेव्हां सभासद बंधुभगिनींनीं आतां एवढें करावें. आपल्या ग्रामपंचायतींत तार आली आहे काय, आली असल्यास पेटी चालू आहे काय, आणि तेथून किती घरें जोडलीं गेलीं, हे तीन प्रश्न येत्या ग्रामसभेंत विचारावे व त्यांचीं उत्तरें इतिवृत्तांत लिहून घ्यावीं. ज्यांच्या बांधावरून चर जावयाचा आहे त्यांची संमति सोसायटीनें आधींच लेखी घेऊन ठेवावी. कालवा दाराशीं आला असतां चारीच्या फावड्यासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणें शेतकऱ्यास शोभत नाहीं.