नदीला कोणी विचारले?

नदीत पाणी किती, हे ठरविण्याचे दोन मार्ग आहेत. तिच्या काठी मोजपट्टी उभारून पावसाळ्यामागून पावसाळे नोंद ठेवावी, हा एक. आणि चार राज्यांच्या कारभाऱ्यांनी बैठक मारून आकडा मान्य करावा, हा दुसरा. आमचा ओढा दुसऱ्याकडे. ही थट्टा नव्हे. नर्मदेचे, शंभरातील पंचाहत्तर वर्षे तरी मिळेल असे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट आहे, असे १९७४ च्या जुलैत राज्यांनी आपसांत मान्य केले. मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५, आणि आमच्या महाराष्ट्राच्या ओंजळीत ०.२५! बेरीज कशी चोख जुळली! १९७९ मध्ये लवादाच्या निवाड्यातही तोच आकडा राहिला. पुढे गरुडेश्वरच्या, १९४८ पासूनच्या प्रत्यक्ष नोंदी मांडल्या, तेव्हा तेच पाणी २३ च्या आसपास भरले. पाणी कमी, तर धरणाची उंचीही कमी करा, असे मध्य प्रदेशाने सर्वोच्च न्यायालयात मांडले. २००० साली न्यायालयाने लवादाचा आकडा कायम ठेवला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पण सह्यांनी नदी भरते काय?

यावर पंडितांचे उत्तर ठरलेले: चाळीस-चाळीस वर्षे मोजत बसलो तर धरणे बांधायची केव्हा? माझे म्हणणे एवढेच, की जे मोजले नाही ते मोजल्यासारखे छापू नका. पावसाच्या जुन्या नोंदींवरून नदीच्या न पाहिलेल्या वर्षांचा प्रवाह काढता येतो. ते शास्त्र आहे. परंतु तो अंदाज आणि मोजपट्टीचे वाचन एकाच रकान्यात आले, की अंदाजाला खरेपणाचा शेंदूर लागतो.

पुराची गोष्ट तर आणखी वाईट. जो पूर धरणाचा जीव घेणार, तोच मोजला जात नाही. त्या रात्री मोजपट्टी बुडालेली किंवा वाहून गेलेली असते, होडी घालणे अशक्य असते. मग पाणी ओसरल्यावर झाडांना अडकलेला कचरा आणि देवळाच्या भिंतीवरचा ओला पट्टा पाहून पुराचा हिशेब करावयाचा. सौराष्ट्रातील मच्छू नदीच्या दुसऱ्या धरणाचा सांडवा सेकंदाला सुमारे ५,७०० घनमीटर पाण्यासाठी होता. ११ ऑगस्ट १९७९ रोजी सुमारे १६,००० घनमीटर आले. मातीचे बांध वाहून गेले आणि खालच्या मोरबीत हजारो माणसे बुडाली. धरण पुन्हा बांधताना सांडवा काही पटींनी वाढविला. म्हणजे वाढविता येत होता!

आणि गाळ? त्याला तर कोणी विचारीतच नाही. वर्षाचा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत येतो, आणि नमुन्याची बाटली भरली जाते ती उघाडीच्या दिवशी. तळाशी गडगडत जाणारी वाळू तर बाटलीत शिरतच नाही. शिवाय कागदावर गाळ शहाण्या मुलासारखा धरणाच्या तळाशी, कालव्याच्या तोंडाखाली जाऊन बसतो. प्रत्यक्षात जलाशयाच्या शेपटीशी प्रवाह मंदावतो, आणि जाड गाळ तेथेच, उपयोगाच्या पाण्याची जागा अडवून, ठाण मांडतो. मांजरा नदी निघते आमच्या बीड जिल्ह्यात. तिच्यावर १९३१ साली पुरे झालेले निजामसागर १९७३ पर्यंत निम्म्याहून अधिक भरले होते, पाण्याने नव्हे, गाळाने. पीत नदीवरच्या सानमेनशियाला तर एवढीही सवड मिळाली नाही. १९५७ मध्ये ह्वांग वानली या अभियंत्याने गाळाचा इशारा दिला होता. १९६० मध्ये पाणी अडविले, आणि दोन वर्षांत गाळाने अशी गत केली की धरण चालविण्याची रीतच बदलावी लागली, तळाशी नवी तोंडे पाडावी लागली. ह्वांग मात्र तोवर ‘उजवा’ ठरून बाजूला पडला होता.

माझी मागणी लहान आहे. नव्या धरणाचा नारळ फोडण्यापूर्वी त्या नदीच्या सर्व नोंदी तालुक्याच्या कचेरीत लावा: मोजलेली वर्षे एका रकान्यात, अंदाजाची दुसऱ्यात, आणि ज्या पुरात पट्टी बुडाली त्यापुढे ‘बुडाली’ असे स्वच्छ मराठीत लिहा. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतील प्रवाहाचे आकडे सरकार गुप्त ठेवते. निदान गोदावरी-कृष्णेच्या काठच्या माणसाला ते मागता तरी येतात. त्याने ते मागावेत.