कपाटाच्या वरच्या कप्प्यातले रंग

दिवाळी, पाडवा किंवा घरातले एखादे मंगलकार्य, अशा निमित्ताने ज्येष्ठांना कापडचोपड भेट येते. गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्याला आलेल्या अशा भेटींचे रंग एकदा आठवून पाहावेत. स्त्रियांना बदामी, मोतिया, फिकट राखाडी; पुरुषांना पांढरा किंवा जेमतेम आकाशी सदरा. देणाऱ्याच्या मनात आदरच असतो. दुकानात त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, "कोणासाठी हवी?" आणि "आईसाठी" हे उत्तर ऐकताच मागच्या फळीवरचा एक विशिष्ट गठ्ठा पुढे सरकतो. त्या गठ्ठ्याला दुकानाच्या भाषेत 'सोबर' म्हणतात. ज्यांच्यासाठी खरेदी चाललेली असते त्यांना मात्र कोणी विचारलेले नसते, आणि त्यांची डाळिंबी साडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात डांबरगोळ्यांच्या सोबतीने पडून असते.

ही फिकटपणाची रीत आपली जुनी परंपरा आहे, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. आपल्या खेड्यांत आजही सत्तरी ओलांडलेली स्त्री हिरव्या, लाल, जांभळ्या लुगड्यात शेतावर जाते, आणि तिच्या बरोबरीचा म्हातारा पांढऱ्या धोतरावर गुलाबी किंवा केशरी पटका बांधून बाजाराला निघतो. त्यांना कोणी हसत नाही. पांढरपेशा शहरी घरांनी मात्र वय आणि फिकेपणा यांची सांगड घातली आणि तिलाच शालीनतेचे नाव दिले. 'सावळ्या वर्णाला गडद रंग शोभत नाही' हा दुसरा समजही त्याच घरांतला. गडद लुगड्यांतल्या लक्षावधी सावळ्या, देखण्या स्त्रियांनी तो केव्हाच खोटा पाडला आहे. शिवाय केस पांढरे झाले की चेहऱ्याभोवतीची चौकट बदलते. काळ्याभोर केसांशेजारी जो मोरपंखी किंवा अंजिरी रंग जड वाटत असे, तोच रुपेरी केसांजवळ उठून दिसतो. बदामी आणि राखाडी मात्र पिकल्या केसांत आणि उतरलेल्या कांतीत मिसळून जातात व माणूस आजारी दिसू लागतो. "अलीकडे थकल्यासारखे दिसता" असे कोणी म्हणाले, तर औषधाच्या डबीआधी सदऱ्याचा रंग पाहावा!

रंगांमुळे रक्तदाब उतरतो, सांधे हलके होतात, अशा प्रकारचे दावे आपल्या वाचनात येत असतील. तसे काही मी येथे सांगणार नाही. रंगाचे काम यापेक्षा साधे आहे. निवृत्तीनंतर किंवा जोडीदार गेल्यावर 'आता कोणासाठी नीटनेटके राहायचे' हा विचार नकळत घर करतो. दिवसभर तोच गाऊन, तोच बनियन आणि पायजमा. मग दारात कोणी आले तर बाहेर यायला संकोच, आणि संकोच नको म्हणून खाली उतरणेच बंद. पेहराव आणि स्वच्छता यांकडे एकाएकी दुर्लक्ष होऊ लागणे हे उत्तरवयातील नैराश्याचे लक्षण असू शकते, हे सांभाळणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. मनापासून आवडता रंग अंगावर असला की माणूस आरशासमोर क्षणभर थांबतो, आणि थांबला की बाहेर पडण्याची शक्यता वाढते.

आता जो प्रश्न आपल्यातील अनेक भगिनींच्या मनात असतो पण ओठांवर येत नाही, त्याविषयी. पतिनिधनानंतर रंग वापरावेत का? एके काळी काही समाजांत विधवेला लाल अलवणाखेरीज दुसरे वस्त्र नव्हते. ते दिवस गेले. पण कुंकू, बांगड्या आणि हिरव्या रंगाविषयीचा धाक अजून अनेक घरांत शिल्लक आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. एका गावाला हे सुचले व जमले, ही मोठी गोष्ट आहे. तथापि ठरावाने प्रथा थांबते, भीती तितक्या लवकर जात नाही. चाळीस वर्षे जिने 'नवऱ्याचा रंग' म्हणून हिरवा नेसला, तिचा हात त्या साडीकडे वळताना थरथरणारच. तो थरथरणे म्हणजे केवळ लोकांचे भय नसते. त्यात गेलेल्या माणसाची आठवणही असते. म्हणून मुलींनी आणि सुनांनी घाई करू नये. "आई, आता तू रंगीत नेसायलाच हवे" ही देखील एक सक्तीच होय. "ही निळी तुमच्यासाठी ठेवली आहे, वाटेल तेव्हा नेसा" इतके म्हणून साडी हाताशी ठेवावी आणि विषय सोडून द्यावा. आणि ज्यांना पांढरा रंगच मनापासून प्रिय आहे, किंवा ज्यांनी तो श्रद्धेने स्वीकारला आहे, त्यांना रंगीत करण्याचा खटाटोप कोणीही करू नये.

अशा स्त्रीने सुरुवात कोठून करावी? माझ्या मते पोलक्यापासून. फिकट साडी तीच राहू द्यावी. तिच्या काठात जो गडद रंग असेल, त्या रंगाचे पोलके शिवून घ्यावे. आपल्या साडीची घडणच अशी आहे की काठ आणि पदर यांत रंग आधीच हजर असतो. त्याला फक्त थोडी अधिक जागा द्यायची. मग घरातल्या घरात नेसावी. नंतर ज्या मैत्रिणीच्या नजरेची भीती वाटत नाही, तिच्याकडे जाताना. समारंभाची वाट पाहू नये, कारण समारंभात शंभर नजरा असतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर उभे राहण्याची काही गरज नाही. मंगळवारची भाजी आणायला जाताना नेसलेली जांभळी साडी तिसऱ्या खेपेस कोणाच्या लक्षातही येत नाही. एखादी शेजारीण "आज काय विशेष?" असे विचारीलच. "काही नाही, साडी कपाटात कंटाळली होती" हे उत्तर पुरेसे असते.

पुरुषांविषयी थोडक्यात. त्यांच्यावर रूढीचे बंधन कमी आणि सवयीचे अधिक. कचेरीत चाळीस वर्षे पांढरा सदरा घातलेल्या गृहस्थांनी प्रथम स्वेटर, मफलर किंवा टोपी यांत रंग आणावा, आणि मग विटकरी, शेवाळी किंवा गर्द निळा खादीचा झब्बा. नाहीतरी लग्नात फेटा बांधून घेताना कोणी आजोबा रंगाबद्दल तक्रार करीत नाहीत.

वाढत्या वयात रंग निवडताना एक अडचण खरोखर शारीरिक असते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. डोळ्यातील नैसर्गिक भिंग वर्षानुवर्षे पिवळसर होत जाते. पिवळ्या काचेतून पाहिल्यासारखे निळे आणि जांभळे किरण त्यात अडतात. म्हणून गर्द निळा, काळा आणि तपकिरी यांत फरक करणे अवघड जाते. फिकट निळा आणि फिकट हिरवाही एकसारखे वाटू लागतात. बाहुलीही पूर्वीइतकी मोठी होत नाही, त्यामुळे साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असा ढोबळ अंदाज आहे. आजोबांनी एका पायात काळा व दुसऱ्या पायात निळा मोजा घातला, तर त्यांच्या विसरभोळेपणाची चर्चा करण्याआधी कपाटाजवळ चांगला दिवा लावावा. कापड घेतानाही ट्यूबलाइटखाली निर्णय करू नये. दुकानाच्या दारापाशी दिवसाच्या उजेडात नेऊन पाहावे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर याचा उलटा अनुभव येतो. नव्या कृत्रिम भिंगातून पांढरा रंग निळसर, लख्ख दिसतो आणि निळे रंग परत येतात. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी एकेक डोळा झाकून भिंतीकडे पाहावे. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या रंगाची भिंत दिसेल. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बदललेल्या रंगांशी जुळवून घेताना ते मोठे त्रस्त झाले होते. आपल्याला चित्रे काढायची नसली तरी एक व्यवहार सुचवतो: दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर साड्यांची मोठी खरेदी त्यानंतरच करावी. ज्या साडीला आपण वर्षानुवर्षे 'मोतिया' समजत होतो, ती मुळात पांढरी होती आणि नुसती मळली होती, असा शोध अनेकींना लागतो.

मात्र रंग दिसण्यात अचानक किंवा अनपेक्षित बदल झाला, तर तो वयाच्या खाती टाकू नये. एका डोळ्याने लाल रंग फिका दिसू लागणे, हे डोळ्याच्या मज्जातंतूच्या विकाराचे चिन्ह असू शकते. क्षयरोगावरील एथॅम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांत लाल आणि हिरव्यातील फरक कळेनासा होतो. हृदयविकारावरील डिगॉक्सिनचे प्रमाण शरीरात वाढले, तर सारे पिवळे दिसू लागते. औषध आपल्या मनाने बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सांभाळणाऱ्यांसाठी रंग हा रोजच्या कामातला मदतनीस आहे. पांढऱ्या चादरीवर ठेवलेला पांढरा बनियन त्यांना दिसतच नाही. तोच गडद चादरीवर ठेवला की स्वतःच्या हाताने उचलतात. कपडे घालण्याच्या क्रमाने मांडावेत. "आज काय घालाल?" असे विचारून भरलेले कपाट उघडले, तर गोंधळ उडतो. दोनच सदरे समोर धरावेत, एक तांबडा आणि एक निळा, आणि बोट दाखवू द्यावे. ही निवड लहान असली तरी दिवसभरात त्यांच्या हाती उरलेल्या फार थोड्या निर्णयांपैकी ती एक असते. मोठमोठ्या नक्षीचे कापड टाळलेले बरे, कारण काही रुग्ण त्यावरची फुले खुडू लागतात आणि ती हाती येत नाहीत म्हणून चिडतात. चपलेचा पट्टा फरशीहून वेगळ्या, ठळक रंगाचा असावा. साडीचा घोळ आणि फरशी एकाच रंगाची असेल, तर कापड कोठे संपले आणि जमीन कोठे सुरू झाली हे दुबळ्या नजरेला उमगत नाही, आणि पाय अडकतो.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत डाग दिसू नयेत म्हणून सगळेच कपडे गडद घेण्याची पद्धत आहे. सांभाळणाऱ्यांचे कष्ट पाहता ती समजण्यासारखी आहे, पण चादर आणि आतले कपडे फिकटच असावेत, कारण रक्ताचा किंवा जखमेच्या पाण्याचा डाग वेळीच दिसणे महत्त्वाचे असते. वरचा गाऊन मात्र आवडीच्या रंगाचा असू द्यावा. भेटायला येणाऱ्यांच्या नजरेला आधी तोच पडतो.

सायंकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. दिवसा भडक वाटणारा लाल संधिप्रकाशात काळा पडतो, आणि गडद डाळिंबी साडीतील व्यक्ती वाहनचालकाला दिसत नाही. अंधार पडण्याच्या सुमारास पांढरे किंवा फिकट पिवळे वस्त्र वर असावे, आणि काठीला उजेडात चमकणारी पट्टी चिकटवावी. फिक्या रंगाची बाजू घेण्याची हीच एक वेळ.

शेवटी धुण्याविषयी, कारण "रंग जातो" ही सबब मला नेहमी ऐकू येते. नवे रंगीत सुती कापड पहिल्या तीन-चार वेळा वेगळे, थंड पाण्यात धुवावे, उलटे करून सावलीत वाळवावे. मिठाच्या पाण्यात भिजवण्याची जुनी युक्ती आजच्या बहुतेक रंगांवर फारशी चालत नाही. गडद रंगाचे कृत्रिम धाग्याचे कपडे न धुता घातल्यास काहींना काखेत, कमरेपाशी खाज किंवा पुरळ उठतो. वयोमानाने कोरड्या झालेल्या त्वचेसाठी मऊ सुती कापड अधिक सुखाचे. वरच्या कप्प्यातली साडी काढली असेल, तर डांबरगोळ्यांचा वास जाईपर्यंत ती एक-दोन दिवस हवेशीर सावलीत पसरून ठेवावी. रेशमी असेल तर घडी वर्षानुवर्षे एकाच रेषेवर पडून तेथे चिरली आहे का, हे आधी पाहावे, आणि पोलके मात्र नव्याने शिवावे. जुने आता होणार नाही.