दुभंगलेल्या घराचे भाडे

पती लडाखच्या सीमेवर जवान, पत्नी मारेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेची शिक्षिका. असा संसार दुभंगतो तो दैवाने नव्हे, शासनाच्या हुकमाने. शिक्षकांच्या बदल्यांसाठी राज्य शासनाने २०१७ साली पती-पत्नी एकत्रीकरणाचे धोरण आखले; त्याची मोजपट्टी ३० किलोमीटरची. सीमेवरचा खंदक तिच्यात कसा मावणार?

त्याच वर्षी केंद्राने घरभाडे भत्त्याचे दर ठरविले: ५० लाख वस्तीच्या महानगरांत मूळ वेतनाच्या २४ टक्के, ५ लाखांवरील शहरांत १६ आणि मारेगावसारख्या गावांत ८ टक्के, किमान १८०० रुपये. २०२४ साली ते ३०, २० व १० टक्के झाले. कसोटी मात्र लोकसंख्येचीच राहिली. घर कोणाच्या आज्ञेने दुभंगले, हा प्रश्न त्या कोष्टकात नाही.

जवानाला बराक फुकट मिळते, असे सांगितले जाते. परंतु बराक म्हणजे घर नव्हे. आजारी मूल, थकलेले सासू-सासरे, घरमालकाचा तगादा हे सारे मागे राहिलेली स्त्री एकटी पेलते. देशभक्तीची भाषणे करणाऱ्यांनी आधी या श्रमाचे मोल चुकते करावे. दुसऱ्या चुलीचा खर्च मागणे ही याचना नव्हे, हक्क आहे. कर्मचारी संघटनांनी तो आपला मानून लढला पाहिजे.