गुलाब वाळवा, पण आधी घरच्या बाजेवर

भाव पडला तर सोयाबीन पोत्यात थांबते, कापूस घरात रचून ठेवता येतो. गुलाब थांबत नाही. सकाळी तोडलेले फूल संध्याकाळी मान टाकते आणि ही गोष्ट व्यापाऱ्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. आपल्या साखरखेर्डा-सिंदखेडराजा भागात विहिरीच्या पाण्यावर दहा-वीस गुंठे गुलाब लावायचा म्हटले, की सारा भरवसा लग्नतिथी, सणवार आणि देवस्थानांवर. तिथी संपल्या, पितृपक्ष लागला, की फूल तोडायची मजुरीही निघत नाही.

2020 च्या मार्चमध्ये मंदिरे बंद झाली ती नोव्हेंबरात उघडली. 2021 मध्ये पुन्हा तेच. त्या काळात उभ्या फुलशेतीत नांगर घालणारे शेतकरी महाराष्ट्रभर होते. शिर्डीच्या मंदिरात तर बंद झालेली हार-फुले परत सुरू व्हायला 2024 चा डिसेंबर उजाडला. तेव्हापासून ‘फुले वाळवून ठेवा’ असा सल्ला जो तो देतो. सल्ला खोटा नाही, पण अर्धाच आहे, म्हणून हे लिहितो आहे.

होते काय, की गावात एक दिवसाचे प्रशिक्षण होते, फोटो निघतात, अनुदानातून सोलर ड्रायर येतो. पुढच्या वर्षी पाहावे तर त्या ड्रायरमध्ये मिरच्या नाहीतर रिकाम्या बरण्या. यात बचत गटाच्या बायांचा दोष नाही. गुलाब वाळवून त्याचे वजन किती उरते, एवढा साधा हिशेब त्यांना कोणी आधी करून दाखवलेलाच नसतो.

तो आता करू. ताज्या पाकळीत शंभरात ऐंशीच्या वर भाग पाणी असते. देठ, हिरवा भाग काढून टाकल्यावर आणि पाणी उडाल्यावर सहा-सात किलो फुलांमागे जेमतेम किलोभर वाळल्या पाकळ्या हाती येतात. समजा फूल 40 रुपये किलोने जात असेल, तर किलोभर सुक्या पाकळीत 240 ते 280 रुपयांचे फूलच गेले. निवडायची मजुरी आणि डबा-पिशवी वेगळीच. तेव्हा भाव चांगला असताना फूल वाळवणे म्हणजे घरचे घालणे. जे फूल उकिरड्यावर जाणार, तेच वाळवायचे.

आणि त्यासाठी यंत्र काहून पाहिजे? घरची बाज, धुतलेले सुती लुगडे आणि वारा खेळणारी अंधारी खोली पुरते. दव उतरले की सकाळीच फूल तोडा, पाकळ्या मोकळ्या करा, डागाळलेल्या काढून टाका. लुगड्यावर पाकळीवर पाकळी येणार नाही अशा पसरा आणि दिवसातून एक-दोनदा हलक्या हाताने हलवा. उन्हात टाकू नका, उन्हाने रंग उडतो आणि वासही जातो. चैत्र-वैशाखात टिनाच्या खोलीतही नको. तिथे पाकळी लवकर वाळते खरी, पण वासाला काही उरत नाही. आपल्याकडची कोरडी हवा या कामाला मोठी देणगी आहे, हिवाळा-उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत काम होते. पावसाळ्यात मात्र या फंदात पडू नका, बुरशी येते. पाकळी चुरगळली की कुरकुर वाजली पाहिजे. मग कोरड्या बरणीत घट्ट झाकून अंधारात ठेवा. दोन दिवसांनी झाकणाला आतून ओल दिसली तर लगेच काढून पुन्हा पसरा.

वासाला गावठी गुलाब चांगला. ग्लॅडिएटरसारखा लाल गुलाब दिसायला देखणा, पण वाळल्यावर काळपट पडतो.

शोभेसाठी अख्खे फूल ठेवायचे असेल तर रीत वेगळी. अर्धवट उमललेली फुले, दवाचा थेंब नसलेली, देठाला दोरा बांधून अंधाऱ्या खोलीत आढ्याला उलटी टांगावी. दोन आठवड्यांत वाळतात. आकार हुबेहूब हवा तर नदीची बारीक वाळू धुऊन, वाळवून, चाळून घ्यावी. डब्यात थोडी वाळू, त्यावर फूल उभे ठेवून चोहोबाजूंनी चमच्याने हळूहळू वाळू सोडावी, म्हणजे पाकळी दबत नाही. डबा उघडाच ठेवावा आणि आठ-दहा दिवस हात लावू नये. वाळूऐवजी सिलिका जेल वापरले, तर डबा बंद ठेवून आठवड्याच्या आतबाहेर काम होते. मात्र निळ्या सिलिका जेलमध्ये विषारी कोबाल्ट क्लोराइड असते. त्यात वाळवलेले फूल फक्त शोभेचे, त्याची पाकळी खाण्यात जाता कामा नये.

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर माझे खरे म्हणणे इथेच आहे. हाराच्या गुलाबावर फुलकिडे, मावा, कोळी यांच्यासाठी फवारण्या होतात. आंतरप्रवाही औषध फुलाच्या आत जाते. वाळवताना पाणी उडते, औषध तसे उडून जात नाही. किलोभर सुक्या पाकळीत सहा-सात किलो फुलांवरचे औषध गोळा झालेले असू शकते. ही पाकळी गुलकंदात, सरबतात, ठंडाईत घालून लेकरांना द्यायची का? माझ्या मते अजिबात नाही, धुऊनसुद्धा नाही. देवळातून परत आलेल्या हाराचेही तेच. ती फुले रांगोळीला वापरा, धूप करा, खत करा. खाण्यासाठी पाकळी पाहिजे असेल तर दोन-चार ओळी वेगळ्या राखा, शेजारच्या पिकाच्या फवाऱ्यापासून लांब. त्यांच्यावर पाच टक्के निंबोळी अर्काशिवाय काही मारू नका. फुले कमी येतील, आकार लहान राहील, चालेल. मोठ्या प्रमाणावर विकायचे असेल तर अन्न नोंदणी आणि प्रयोगशाळेत औषधांच्या अंशाची तपासणी, दोन्ही करून घ्या. तपासणीला पैसा लागतो, तो हिशेबात धरा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना एक विनंती. ड्रायरचा ठराव घेण्याआधी गावातल्या पाच घरी एक हंगाम बाजेवर गुलाब वाळवून पाहू द्या. किती फूल घेतले, किती सुके उरले, कोणी किती भावाने नेले, हे वहीत लिहून घ्या. ग्राहक सापडला आणि बाज पुरेनाशी झाली, तर ड्रायरचा प्रस्ताव जरूर पाठवा, त्यासोबत ती वहीही जोडा. थंडी पडली की सुरुवात करायला हरकत नाही. होळीपर्यंत पहिल्या बरण्या भरतात.