घर-मोटारीचे पाहुणे व आमची विहीर

उन्हाळ्याच्या सुटींत मुंबईच्या उपनगरांतून बाहेर पडणाऱ्या प्रवाशांत हल्लीं एक नवा प्रकार दिसूं लागला आहे. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेली मोटार घेऊन मुलुंड-घाटकोपरकडील कांहीं कुटुंबें नाशिकच्या रस्त्यानें निघतात, आणि ऊन असह्य झालें म्हणजे शहापूर तालुक्यांत एखादी आमराई पाहून मुक्काम करतात. राज्य सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें व २०२१ सालीं अशा 'कॅराव्हॅन' गाड्यांचें धोरण ठरविल्यापासून, या पाहुण्यांस जागा देऊन शेतकऱ्यानें चार पैसे मिळवावे, असा उपदेश आपणांस वारंवार ऐकावयास मिळतो. उपदेश वाईट नाहीं. आंब्याच्या सावलीस भाडें येत असेल, तर तें कोणास नको आहे?

परंतु गाडी उभी राहतांच पहिली मागणी पाण्याची होते, ही गोष्ट उपदेशक विसरतात. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे; मुंबईस पाणी देणाऱ्या सात तलावांतील सर्वांत मोठा भातसा, तोही याच तालुक्यांतला. असें असून येथील कित्येक पाड्यांवर वैशाखांत बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. ज्यांच्या घरीं आमच्या तालुक्याचें पाणी बारा महिने नळानें जातें, त्यांनीं आमच्या आटत्या विहिरीवर आणखी टाकी भरावी, हा न्याय नव्हे.

वाटसरूस पाणी नाकारणें हा अधर्म आहे, असें कोणी म्हणेल. तहानलेल्यास तांब्याभर पाणी देणें हा धर्म खराच. शें-दोनशें लिटरची टाकी भरून देणें हा व्यवहार आहे, आणि व्यवहारास अटी असतात. गाडीची टाकी घरूनच भरून आणावी. येथें पिण्यापुरतेंच पाणी मिळेल. मैला शेतांत, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ सोडूं नये. त्यासाठीं बांधीव सोय नसल्यास तो परत न्यावा. चूल पेटवावयाची ती गवताच्या गंजीपासून दूर. भाडें आधीं ठरवावें.

या अटी एकट्यादुकट्यानें घालून भागणार नाहीं. एकानें नाकारलेलें पाणी शेजाऱ्यानें विकलें, तर भूमीच्या पोटांतला झरा दोघांचाही आटतो. यास्तव आपल्या संस्थेनें सभासदांची सभा बोलावून या अटींचा ठराव करावा, आणि तो पुढील उन्हाळ्यापूर्वीं करावा, अशी आमची सूचना आहे.